यांजमाचा अंगठा

तालुक्यात यांजमाचं नाव निघायचं ते तिच्या नेमामुळे. उन्हाळ्यातल्या नादाम या खेळांच्या मेळ्यात बायकांच्या वाट्याला वीस बाण येतात. त्यातले सतरा-अठरा ती निशाणाला मांडलेल्या चामड्याच्या विणलेल्या डब्यांवर बसवायचीच. बाण लागला की डब्यांशेजारी उभे असलेले पंच हात उंचावून "ऊखाऽऽय" अशी लांब हाळी द्यायचे. मग तिचा नवरा गोंबो शेजाऱ्याला कोपराने ढोसायचा. "आमच्या घरची आहे ती. घरातसुद्धा माझ्यावर नेम धरते, बरं का!"

मग तो झुडचा हिवाळा आला. गवतावर बर्फाचं कवच चढलं आणि जनावरं उभ्याउभ्या मरायला लागली. यांजमा तीन दिवस बर्फात गाडल्या गेलेल्या शेळ्या उकरून काढत होती. हातमोजे भिजून कडक झाले, तसे तिने ते फेकून दिले. चौथ्या दिवशी उजवा अंगठा काळा पडला होता.

जिल्ह्याच्या डॉक्टरने तो मधल्या सांध्यापासून काढला. "चार बोटं वाचली, नशीब समज," तो म्हणाला.

"दोरी आम्ही अंगठ्यानंच ओढतो, डॉक्टर."

डॉक्टर हात धूत राहिला.

उरलेल्या एकोणीस शेळ्या दिराकडे सोडून दोघांनी तंबूघर तालुक्याच्या गावात हलवलं. गोंबो दवाखान्याच्या बॉयलरवर कोळसा टाकायला लागला, ती तिथल्याच स्वयंपाकघरात. संध्याकाळी कोळशाच्या शेडमागे ती डाव्या हाताने दोरी ओढायला शिकत होती. धनुष्य उजव्या हातात धरलं की थोटका अंगठा ठणकायचा. गोंबो बाण गोळा करून आणायचा.

"आज एक लागला की!"

"वाऱ्यानं लावला."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने नादामला नाव दिलं. ती रेघेवर येऊन उभी राहिली तेव्हा जुनी माणसं सरसावून बसली. पहिला बाण डावीकडे गेला, दुसराही. दहावा बाणही चुकला, तसे लोक दुसरीकडे बघायला लागले. एकोणिसावा बाण धूळ उडवत सरकला आणि डब्यांच्या अलीकडे वीतभर अंतरावर थांबला. म्हातारा पंच शारव याने हात वर केले. "ऊखाऽऽय!" बाकीच्या पंचांनीही सूर धरला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

यांजमाने विसावा बाण सोडला. तो कुठे गेला हेही न पाहता ती सरळ शारवकडे चालत गेली.

"शारवदादा, तो बाण अलीकडे थांबला होता."

"अगं, पंच मी आहे की तू?"

"थांबला होता की नाही?"

शारवने टोपी काढून कपाळ पुसलं. "वीस वर्षं तुझ्यासाठी हात वर केलेत मी. एकदा जास्त केले तर कुणाचं काय बिघडलं? शेवटचा नंबर कुठे चुकतोय तुझा?"

"म्हणूनच म्हणते, खोडून टाक."

त्याने खोडलं. तिच्या नावापुढे शून्य राहिलं.

घरी गोंबोने चहा पुढे केला. "पुढच्या वर्षी बघ. हात अजून नवा आहे."

"गोंब्या, हात नवा नाही रे. परका आहे."

चहावर साय धरली, तशी गोंबोने तो पुन्हा चुलीवर ठेवला.

त्याच पावसाळ्यात छताच्या जाड लोकरी फेल्टमधून पाणी झिरपत राहिलं आणि धनुष्याचे थर जोडणारा सरस सुटला. शिंग एकीकडे, जनावराच्या स्नायूंचा थर दुसरीकडे. गोंबो ते कारागिराकडे घेऊन गेला. कारागिराने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हे आता जुळायचं नाही. नवं करावं लागेल. कुणासाठी करू?"

गोंबो परत आला आणि बायकोला त्याने एवढंच सांगितलं, की कारागीर भेटला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या नादामला स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंनी विचारलं, "यांजमा, रजा हवी का?"

"नको."

त्या दिवशी दवाखान्यात चौदाच रुग्ण होते. तळहाताच्या कडेने कणीक दाबून धरत तिने शेवया कापल्या, मटणाच्या रश्शात सोडल्या आणि वाडगे खाटांवर नेऊन दिले. खिडकीजवळच्या म्हातारीने विचारलं, "तू मेळ्याला गेली नाहीस का गं?"

"रस्सा गरम आहे, आजी. आधी पिऊन घ्या."