अण्णांनी पाहिलेली विकेट

पूर्वी चार म्हातारे एकत्र बसले की मॅचचे किस्से निघायचे. आता टीव्हीचेच निघतात. मी नोकरीभर फायली सांभाळल्या, पण इतक्या वेगानं जाड होणारी फाईल पाहिली नव्हती.

आमची बैठक माळव्यातल्या धारला, अण्णांच्या घरी. अण्णा निवृत्त मास्तर. काचबिंदूनं नजर गेली, तेव्हापासून ते मॅच कानांनी पाहतात. सोबतीला मी आणि बापू. बापूंचे पूर्वज दरबारात होते, ते स्वतः बँकेत.

*

अण्णांची सगळी भिस्त कॉमेंट्रीवर. परवा इंदूरची मॅच होती, म्हणून दोन माजी खेळाडू अख्खी ओव्हर दाल-बाफल्यांवर बोलत होते. कणकेचे बाफले आधी उकडायचे किती, मग तूप किती! आतून वहिनीसुद्धा ऐकायला येऊन उभ्या राहिल्या. मध्येच सगळं स्टेडियम ओरडलं.

"बाफले उकडून झाले, ते कळलं," अण्णा म्हणाले. "आऊट कोण झालं?"

*

ओव्हर संपते न संपते तोच पानमसाल्याची जाहिरात. परत येतो तर पुढच्या ओव्हरचा पहिला चेंडू होऊन गेलेला. एकदा परत आलो तर क्रीजवर भलताच माणूस उभा!

बापू माझ्यावर रागावले. "माझा डोळा लागला, तर उठवायचं नाही का?"

त्यांचा डोळा लागलाच नव्हता. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

*

देवासला लेकीकडे गेलो होतो. तिच्याकडे टीव्ही भिंतभर, मॅच इंटरनेटवरून. पण समोरच्या घरातला भिया (इकडे दादाला भियाच म्हणतात) प्रत्येक विकेटला आमच्याआधी अर्धं मिनिट ओरडायचा. मी जावयांना म्हटलं, ही कसली लाइव्ह मॅच?

जावई उठले, खिडकी घट्ट लावली आणि म्हणाले, "हां बाबा, अब लाइव्ह है."

*

गेल्या महिन्यात अण्णांची नात मुक्ता पहिल्यांदाच टीव्हीवर बोलिंग करणार होती. दुपारची मॅच. अण्णा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलेले.

"बापू, तिचा एकही चेंडू मला चुकायला नको," ते म्हणाले. "टीव्हीचा भरवसा नाही. तुम्ही सांगा."

मुक्तानं रन-अप सुरू केला आणि कॅमेरा गेला प्रेक्षकांत, कुल्फी खाणाऱ्या एका नटीवर! कॉमेंटेटर कुल्फी केशराची की पिस्त्याची, यावर वाद घालू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातला आकडा बदलला. विकेट! मुली मुक्ताला मिठ्या मारताना दिसल्या न दिसल्या तोच जाहिरात. रिप्ले नाहीच.

अण्णांनी चाचपडत बापूंचा गुडघा धरला. "सांगा."

बापूंना मी आजवर कधी थाप मारताना ऐकलं नाही. त्यांनी घसा साफ केला. "ऑफस्टंपच्या बाहेर टप्पा. चेंडू आत वळला. मधला स्टंप उखडला, अण्णा."

अण्णा काळा चष्मा काढून पुसू लागले.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावून दिला.

"आजोबा, मेरी विकेट देखी क्या?"

"पाहिली की. बाहेर टप्पा, आत वळला, मधला स्टंप उखडला."



"आजोबा, कॅच होता तो. स्लिपमध्ये."

बापू जमिनीकडे पाहू लागले.

"असेल बेटा," अण्णा म्हणाले. "आमच्या टीव्हीवर असंच दाखवलं."

मुक्ताला जराही आश्चर्य वाटलं नाही.