नंबर नसलेला लॅपटॉप

नवा लॅपटॉप घरी आला तेव्हा बाबांनी तो आधी उलटा करून बघितला. स्क्रीन, कीबोर्ड, रंग, यांतलं काहीच त्यांना बघायचं नव्हतं. घावन परततात तसा त्यांनी तो टेबलावर पालथा घातला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हेचो नंबर खंय?"

"आता स्टिकर लावत नाहीत, बाबा. ऑफिसचं सगळं ऑनलाइन असतं."

"बरा," म्हणाले, लॅपटॉप सरळ करून ठेवला आणि पेपर वाचायला गेले.

इतकं सफाईदार खोटं मी याआधी कधी बोलले असेन असं वाटत नाही. लॅपटॉप ऑफिसचा नव्हताच. तो मी बोरिवलीच्या एका दुकानातून स्वतःसाठी विकत घेतला होता, कारण त्याच्या दोनच आठवडे आधी ऑफिसनं मला कायमचं घरी पाठवलं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी अकरा वर्षं कागदपत्रं तपासत होते, तिथे ते काम करायला आता माणसाची गरज उरली नव्हती. हे मला वीस मिनिटांत सांगण्यात आलं आणि त्यातली पाच मिनिटं माझा लॅपटॉप तपासण्यात गेली. आयटीवाल्यानं खालच्या स्टिकरवरचा नंबर यादीशी जुळवला, मग बॅगही मागितली. बॅगेलाही नंबर होता. डबा, छत्री आणि चहाचा कप कापडी पिशवीत घालून मी घरी आले आणि बाबांना सांगितलं की लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय, आता घरूनच काम आहे.

नंबरांचं आधी सांगायला हवं. बाबा मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे आलेल्या प्रत्येक वस्तूवर, मग ती खुर्ची असो, पंखा असो की पंचिंग मशीन, पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घालणं हे त्यांचं काम. ही सवय ते घरीही घेऊन आले. दहिसरच्या आमच्या दोन खोल्यांत कपाट एक नंबर आहे, शिलाई मशीन चार, इस्त्री एकोणीस. आई चिडायची. "मलाही एक घाला म्हणजे हरवायची नाही," म्हणायची. ती गेल्यानंतर वॉशिंग मशीन आलं, ते सदतीस. त्यानंतर ब्रश बाहेर निघाला नाही, कारण दोन माणसांच्या घरात नवीन येऊन येऊन काय येणार. नियम मात्र पक्का होता. नंबर फक्त आपल्या वस्तूला. शेजाऱ्यांचं एक स्टूल सात वर्षं आमच्याकडेच आहे, त्याला नंबर नाही. ऑफिसनं मला एकामागून एक तीन लॅपटॉप दिले, त्यांनाही नव्हता. "तो कंपनीचो माल. तेका तेंचो नंबर आसा," असं म्हणून बाबा त्यांना हातसुद्धा लावत नसत.

नोकरी गेल्याचं मी सांगितलं का नाही, तेही सांगते. मी दहावीत असताना बाबांचा कारखाना बंद पडला. त्या संध्याकाळी ते घरी आले, "कंपनी बंद झाली" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. पुढचं वर्षभर ते पहाटे साडेपाचला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचे. पायात चपला घालून. मी शाळेतून परत यायचे तेव्हाही ते तिथेच असायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. पुढे त्यांना दुसरी, छोटीशी नोकरी लागली आणि त्या वर्षाचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही. खुर्ची अजून दाराजवळच आहे. ऐंशी पार केलेल्या माझ्या वडिलांना आपली मुलगी त्या खुर्चीत बसलेली बघावी लागू नये, एवढंच मला हवं होतं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत झाकली मूठ ठेवायची, असं मी ठरवलं.

तर लॅपटॉप. तो तसा बरा आहे. रंग चंदेरी, वजन दुकानदारानं सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. झाकण एका हातानं उघडत नाही. उघडायला गेलं की खालचा भागही सोबत वर येतो, म्हणून दुसऱ्या हातानं तो दाबून धरावा लागतो आणि त्यासाठी आधी हातातला चहा खाली ठेवावा लागतो. चार्जरची वायर प्लगपासून जेवणाच्या टेबलापर्यंत पोचते, पण जेमतेम, त्यामुळे ती ताणलेली असते आणि बाबा दिवसातून दहा वेळा लेंगा वर धरून ती ओलांडतात. आतला पंखा काहीही कारण नसताना सुरू होतो आणि तसाच बंद होतो. चालू-बंद करायचं बटण कीबोर्डमध्येच, खोडायच्या बटणाला खेटून बसवलंय. ज्यानं हे ठरवलं त्यानं आयुष्यात कधी काही खोडलेलं नसणार. पहिल्या आठवड्यात नोकरीचे अर्ज लिहिता लिहिता मी तो तीन वेळा झोपवला आणि तिन्ही वेळा त्याच्यावर ओरडले. मग आठवायचं की बाबांच्या लेखी आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहोत.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यानं भाषा विचारली, देश विचारला, वायफाय विचारलं. इथवर ठीक होतं. मग विचारलं, हे यंत्र घरच्या वापरासाठी आहे की ऑफिसच्या? समोर दोन चौकटी. मी मागे वळून बघितलं. बाबा पेपरात डोकं घालून होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी 'घरच्या'वर क्लिक केलं आणि उगाचच स्क्रीन थोडी खाली केली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले तर लॅपटॉपची पूजा झालेली. बाबांनी झाकण उघडून स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, अगदी मध्यभागी, कुंकू लावलं होतं. कीबोर्डवर अक्षता आणि वर एक जास्वंद. कपाळ जिथे असायला हवं तिथेच त्यांनी कुंकू लावलं, त्यांचं काही चुकलं नाही. नेमका तिथे कॅमेरा असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी ते ओल्या फडक्यानं पुसलं, अक्षता झटकल्या, फूल देवापुढे ठेवलं. पण पुसलेलं कुंकू कॅमेऱ्याच्या खाचेत जाऊन बसलं. हा लॅपटॉप मालकाचं तोंड बघून उघडतो असं दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं. आठवडाभर त्यानं मला ओळखच दाखवली नाही.

पहिली मुलाखतही त्याच आठवड्यात होती. पलीकडे तिघं, तिघंही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यातली एक जण हळूच म्हणाली, "मॅम, तुमच्याकडे लायटिंगचा काही इश्यू आहे का?" मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःकडे बघितलं. रंगपंचमी खेळून थेट येऊन बसल्यासारखी दिसत होते. नव्या तंत्रज्ञानाशी जुळवून घ्यायला मला कितपत जमेल, असं त्यांनी पुढे विचारलं आणि मी गुलाबी चेहऱ्यानं सांगितलं, उत्तम जमेल. ती नोकरी मिळाली नाही. कुंकवामुळेच नाही मिळाली असं म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास स्पेसबार बिघडला. डाव्या अंगठ्यानं दाबला तर चालायचा, उजव्यानं दाबला तर नुसता चुक् असा आवाज. उजवा अंगठा माझा सवयीचा. दोन शब्द एकमेकांना चिकटायचे, मी मागे जायचे, सोडवायचे, पुन्हा चिकटायचे. नवी कोरी वस्तू आणि ही तऱ्हा. पण वॉरंटीसाठी फोन करायचा म्हणजे बाबांसमोर दुकानाचं बिल काढायचं, म्हणून मी डाव्या अंगठ्याला सवय लावत बसले.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी 'ऑफिसात' असायचे. हेडफोन चढवून अधूनमधून मोठ्यानं बोलायचे. "हो, हो, स्क्रीन दिसतेय." "आजच पाठवते." पलीकडे कोणी नसायचं. समोर माझाच बायोडेटा उघडलेला. शेजारी टॉवरचं काम चालू आहे, तिथलं ड्रिलिंग सुरू झालं की मी म्हणायचे, "सॉरी, जरा आवाज आहे इकडे." मला लाज वाटायची. महिनाभरानं ती वाटेनाशी झाली आणि त्याची जास्त लाज वाटली.

बाबा माझ्या मीटिंगा फार मनावर घ्यायचे. बातम्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण, दिवसभर एकच चॅनेल. पण मी हेडफोन चढवला की ते टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि खाली सरकणारी पट्टी डोळे बारीक करून वाचायचे. चार वाजता चहा आणून ठेवायचे आणि खुणेनं विचारायचे, संपली? मी खुणेनं सांगायचे, पाच मिनिटं. सात आठवडे असं चाललं.

मग एका कंपनीनं लेखी परीक्षेला बोलावलं. घरूनच द्यायची, एका तासात एवढं एवढं टाइप करायचं. आणि परीक्षेच्या आदल्या सकाळी स्पेसबार दोन्ही बाजूंनी रुसला. माझा संयम सुटला. बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते, ती संधी साधून मी कस्टमर केअरला फोन लावला. बारा मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"मॅम, सिरियल नंबर सांगाल का? लॅपटॉपच्या खाली असेल, बारीक अक्षरात."

लॅपटॉपच्या पोटाखाली कोण बघतं? सात आठवड्यांत मी एकदाही बघितलं नव्हतं. मी तो होता तसा, उघडाच, उलटा केला. कीबोर्डमधून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला, कुंकवानं अजून लाल असलेला. आणि वर आलेल्या बाजूला, हवेच्या जाळीशेजारी, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये आकडा होता. ३८. तीन नेहमीसारखा ठसठशीत. आठाचा खालचा भाग थरथरलेला.

"मॅम, मिळाला का नंबर?"

"मिळाला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तसाच उलटा लॅपटॉप घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. बाबांनी माझ्याकडे नाही, आकड्याकडे बघितलं.

"आठ वाकडो झालो," म्हणाले. "हात हलता आता."

"कधी घातलात?"

"पूजा केलंय त्या दिवशी. तू आंघोळीक गेल्लंस तेव्हा."

म्हणजे दुसऱ्याच दिवशी. ऑफिसच्या तीन लॅपटॉपांना त्यांनी कधी कुंकू लावलं नव्हतं, हेही मला आत्ता आठवलं.

"बाबा, माझी नोकरी गेली." हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. आपण खूप रडू असं वाटलं होतं. रडू आलं, पण थोडंच.

"ठाऊक आसा." ते पाकळी सोलत राहिले. "कंपनीचो माल बिननंबराचो येणा नाय गो. जल्मभर तांच काम केलंय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशीत म्हणान थांबलंय."

एवढं बोलून त्यांनी हात धुतले, लेंग्याला पुसले आणि बाहेर जाऊन रिमोट हातात घेतला. नाकासमोर धरून बटण शोधलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता आवाज वाढवू मा?"

"वाढवा."

सात आठवडे या माणसानं, नसलेल्या मीटिंगसाठी, ती नसल्याचं माहीत असताना, मुक्या बातम्या बघितल्या होत्या. निवेदक ओरडायला लागला. मी लॅपटॉप टेबलावर सरळ ठेवला, उजव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबला, चालला. परीक्षा उद्या होती. आज मला कुठेच जायचं नव्हतं आणि काहीच करून दाखवायचं नव्हतं. टीव्ही सगळ्यात नीट दाराजवळून दिसतो, म्हणून मी जाऊन त्या खुर्चीत बसले.

बाबांनी वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शेजाऱ्यांचं ते स्टूल ओढत आणलं आणि माझ्या शेजारी बसले. त्या वर्षी त्यांच्याशेजारी असं कोणी जाऊन बसलं नव्हतं. मीसुद्धा नाही.