मनूच्या दंडावर बसून आलेली आई

शितळाईच्या देवळापुढून जायचं म्हटलं तरी तेव्हा मी तोंड चुकवायची. माझा पहिला मुलगा बाळू त्याच देवीनं नेलेला, अंगभर फोड येऊन. म्हणून धाकटी लेक मनू बसायला लागल्यावर धाकट्या दिरांचं ऐकून मी तिच्या दंडावर देवी काढून घेतल्या, म्हणजे लस टोचून घेतली खरी, पण तेव्हापासून जिवाला घोर लागला. देवीची वाट अडवणारी मी कोण? ती कोपली तर? सासूबाईंनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

भावजी ठाण्याला डॉक्टर. सुटीच्या दिवशी पदरमोड करून कल्याणच्या आसपासची खेडी पालथी घालायचे, कुणाकडून पैही घेत नसत. तेव्हा लस काही बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातली लस दुसऱ्याला टोचायची, त्याच्याकडून तिसऱ्याला. मध्येच कुणी घेणारं मिळालं नाही की सगळं संपलं. मोहने गावाच्या पलीकडच्या गावात देवीची साथ आलेली, मोहन्यात अजून नव्हती, आणि पिकलेला फोड होता आमच्या मनूच्या दंडावर. "वहिनी, उद्या हा सुकेल, आजच चला," म्हणून भावजी दारात उभे. "अहो, पोर आहे ती, तुमची औषधाची पेटी नव्हे!" मी फणकारले. पण बाळू डोळ्यांपुढे आला आणि मनूला घेऊन बैलगाडीत जाऊन बसले.

मोहन्याच्या शिवेवर कडुलिंबाची तोरणं बांधलेली. देवी गावात येऊ नये म्हणून परक्याला आत मज्जाव. आणि आमचे भावजी एवढे शिकलेले, पण पहिल्याच वाक्याला म्हणाले, "हा देवीचा रोग फार वाईट!" झालं! आईला रोग म्हणतो म्हणून माणसं जी खवळली, की भावजी पगडी सावरत मागे सरले. मी चिंचेखाली मनूला मांडीवर घेऊन बसलेले. इतकं आलो ते फुकट, पोरीचा फोड फुकट, आणि ह्या गावातले बाळू आता देवीच्या हवाली. मला रडूच कोसळलं. 'आई, माझं चुकलं असेल तर मला शिक्षा कर, ह्या लेकरांना नको,' एवढंच मनात म्हटलं.

माश्या फार होत्या. मनूच्या दंडाला त्रास नको म्हणून शिवेवरच्या तोरणातलाच एक लिंबाचा डहाळा तोडून मी वारा घालत होते. तेवढ्यात तोंडभर देवीचे वण असलेली एक आगरी म्हातारी तरातरा माझ्याकडे आली. तोरणाला हात लावला म्हणून आता शिव्या खाणार, असं वाटून मी अंग चोरलं. तिनं मनूचा दंड बघितला, माझ्या हातातला डहाळा बघितला आणि एकदम वाकून मनूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आय आली गो! आय आलीय!"

देवी अंगात असलेल्या मुलाला लिंबानंच वारा घालतात, हे मला तेव्हा कुठे आठवलं. तिला फसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "आजी, ही लस आहे हो. दिरांनी टोचलीय."

"ता तू मना नको सांगू. आयनं कशावर बसून यावं ता आयला ठावं." तिनं मनूचा गाल कुरवाळला. "माजी दोन पोरां नेली तवा रागानं आलेली. आज बघ, हासत आलीय." मनू खरंच बोळकं पसरून हसत होती, लबाड!

म्हातारीनं घरून खण-नारळ आणून माझी ओटी भरली आणि आपल्या नातवाला भावजींपुढे बसवलं. दारी आलेल्या आईला माघारी कोण पाठवणार? मग दंड उघडे करून पोरांची ही झुंबड! भावजींना घाम पुसायला उसंत मिळेना. आठवड्यानं पुढच्या गावाला तो नातूच फोड घेऊन गेला, आजीच्या कडेवर बसून. मोहन्यात त्या साथीत एकही मूल दगावलं नाही.

त्या दिवशी परतताना मी गाडी शितळाईच्या देवळापाशी थांबवली आणि म्हातारीनं दिलेल्या त्याच खण-नारळानं देवीची ओटी भरली. जिला मी इतके दिवस घाबरून तोंड चुकवत होते, तिला दिवसभर मांडीवर घेऊन मी माश्या वारत बसले होते की! त्या दिवसापासून 'आई, माझ्या घरी येऊ नकोस' असं मी कधी म्हटलं नाही. म्हणते, ये बाई, तुझी मर्जी. पण येशील तेव्हा अशीच हसत ये.