बॉबिनच्या खणातली पिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बहिणीला नाही, लेकीला नाही. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे. पण चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही वाचाल तेव्हा मी समोर नसेन, तेवढं बरं.

माझे मालक बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहायचे. बंदूक सासऱ्यांची, एकनळी. परवाना यांच्या नावावर करून घेतलेला. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली डाव्या हाताची दोन पेरं गेली, त्यानंतर ही नोकरी. त्या हातानं बारीक काम होत नाही. म्हणून बंदूक साफ करणं माझ्याकडं आलं.

शिकवलं हमीदचाचांनी. औरंगपुऱ्यात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणायचे, "नळी तर कुणीपण पुसतं, बेटी. मळ कोपऱ्यात बसतो." घोड्यासमोर एक बारीक भोक असतं. त्यात करंगळीच्या पेराएवढी पिन आणि तिची स्प्रिंग. घोडा पिनीवर पडतो, पिन काडतुसाला टोचते, तेव्हा बार उडतो. आधी बंदूक रिकामी आहे का ते दोनदा बघायचं. मग शिलाई मशीनच्या छोट्या पेचकसानं स्क्रू काढायचा, पिसाचा देठ रॉकेलमध्ये बुडवून भोकात फिरवायचा, शेवटी मशीनचं तेल — एकच थेंब. मला ते काम आवडायचं.

मग पिशोरच्या शेतावरून भांडण लागलं. धाकट्या दिरानं बांध कोरला होता. हे घरात गप्प. फोन आला की बाहेर जायचे. मी दारात आले की आवाज खाली. कुणाशी बोलत होते? माझ्यासमोर का नाही? एका शनिवारी जेवताना म्हणाले, "उद्या पिशोरला चाललो. एकदाचा निकाल लावतो." आणि बंदुकीची पिशवी काढून दाराशी ठेवली.

विचारता आलं असतं ना? पंधरा वर्षांचा संसार होता. नाही विचारलं. सकाळी हे अंघोळीला गेले, तेवढ्यात मी पिन आणि स्प्रिंग काढून घेतली आणि नुसता स्क्रू परत बसवला. वरून काही दिसत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. बांध भावाला सोडून दिला होता, राजीखुशीनं. तिथूनच परस्पर ड्युटीवर जायचं, म्हणून बंदूक सोबत नेली होती. एवढंच.

पिन त्याच दिवशी परत बसवायला हवी होती. का नाही बसवली? आधी म्हटलं, उद्या. मग वाटलं — आज भाऊ वाचला, उद्या राग माझ्यावर निघाला तर? यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. तरी वाटलं. आणि खरं सांगू? मला शांत झोप लागायला लागली होती. त्या झोपेपायी हे दोन वर्षं मेलेली बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभे राहिले. आणि दर पंधरा दिवसांनी मीच ती पुसून त्यांच्या हातात देत होते.

मग गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीनं सगळ्या गार्डांना गोळीबाराच्या चाचणीला नेलं. यांचा घोडा पडला — टक. परत — टक. खोलून बघितलं तर आत पिनच नव्हती. बाकीचे म्हणाले, "काका, काठी आणा, काठी." नोकरी गेली.

लाकडी दस्त्याची चीर बुजवायला बंदूक चाचणीच्या थोडं आधी दोन दिवस चाचांकडं होती. हे तडक दुकानात गेले, बंदूक त्यांच्यासमोर आदळली. "म्हाताऱ्यानं पिन इकली," असं गार्ड लोकांना सांगत फिरले. चाचांचं गिऱ्हाईक म्हणजे हेच लोक. ते यायचे बंद झाले.

एक दिवस चाचा घरी आले. हे बाहेर होते. मी चहा दिला.

"तो स्क्रू मी बघितला, बेटी. एक ओरखडा नाय त्याच्यावर. मशीनच्या तेलाचा वास येतो. कोणी खोलला?"

"मला काय माहीत, चाचा. बंदूक तुमच्याकडंच होती ना."

ते माझ्या बोटांकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला. यांना ते कधी काही बोलले नाहीत.

आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात. चाचा कुठं गेले ते मी विचारत नाही. हे वाळूजला एका गेटवर काठी घेऊन बसतात. जेवताना अजून म्हणतात, "तू सोडून कुणावर भरवसा ठेवायची सोय नाय." मी भाकरी वाढते.

पिन माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या खाली, चिंधीत. गंज धरू नये म्हणून महिन्याला एक थेंब तेल देते. काल दिलं.