पेंटरकाकांनी काढलेलं माझं चित्र

कलावंतांचे खरे चेहरे टिपायचं मला खूळ आहे. त्यापायी मोताळ्याच्या एका पेंटरकाकांकडे गेलो. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ते माणसंही हुबेहूब काढतात. डिजिटल कॅमेऱ्यासमोर ते नवरदेवासारखे ताठ बसले. दर फोटो स्क्रीनवर बघायचे आणि केस सारखे करायचे. शेवटी वैतागून मी रोलचा जुना कॅमेरा काढला. त्यात लगेच काही दिसत नाही म्हटल्यावर ते सैलावले आणि मलाच न्याहाळू लागले. हीच नजर मला हवी होती.

महिन्याने प्रिंट द्यायला गेलो, तर त्यांनीही माझं चित्र काढून ठेवलेलं. कान, कपाळ, दाढी अगदी माझीच. मधे नुसता कॅमेरा.

"काका, चेहरा काऊन नाही काढला?"

"तुमी दाखवला असता तं काढला असता ना बाप्पा!"