चायनीजच्या नावाखाली

बाबांना डुकराचं मटण जिवापाड आवडायचं आणि आईनं ते अकरा वर्षं घरात शिजू दिलं नव्हतं. कागलजवळच्या आमच्या गावात, बौद्धवस्तीत, ते उघड शिजायचं. मग बाबांना कोल्हापुरात नोकरी लागली, कॉलनीत दोन खोल्यांचं घर झालं आणि पहिल्याच आठवड्यात आईचं फर्मान निघालं, "हितं त्ये चालायचं न्हाय. आदीच लोकं आपल्याकडं वाकड्या नजरंनं बगत्यात." बाबा 'बरं' म्हणाले. आईपुढं ते नेहमीच बरं म्हणायचे.

मला त्या 'बरं'चा राग यायचा. रविवारी कॉलनीभर मटणाचा घमघमाट, कुणाला कुणाची चोरी नाही, आणि आपण मात्र आपल्या आवडीचं खायला गावाकडं जायचं?

नव्वदचं दशक संपत आलं तशा कोल्हापुरात चौकाचौकात चायनीजच्या गाड्या उभ्या राहिल्या. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. गाडीवरचं ते घरी करून बघायचं खूळ आमच्या कॉलनीतल्या बायकांनाही लागलं. सोया सॉसच्या वासाला कुणी नाक मुरडेनासं झालं. त्यावरूनच मला युक्ती सुचली. आईला म्हटलं, "चिली चिकन करतात तसंच करू, फक्त चिकनच्या जागी ते. वास सगळा सोया सॉसचा. कुणाच्या बापाला कळणार न्हाय."

दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी तिनं बाबांच्या हातात पिशवी दिली. "वर मेथीची जुडी टाकून आना," म्हणाली. बाबा चपला अर्धवट सरकवून निघालेसुद्धा.

रेसिपी मी मैत्रिणीकडून वहीत उतरून घेतली होती. तुकडे सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचे, कॉर्नफ्लॉवर लावून तळायचे, मग मोठ्या आचेवर कांदा, लसूण, ढोबळी मिरची. मी मिरच्या चिरत बसले आणि तेवढ्यात आईनं सवयीनं सगळे तुकडे हळद, मीठ, आलं-लसूण लावून पातेल्यात शिजायला टाकले. वर पाण्याचं ताट ठेवलं.

"अगं आई, चायनीजला हळद?"

"मग अळणी कशाचं काडायचं?"

आमच्याकडं मटण म्हटलं की आधी त्याचं अळणी, म्हणजे तिखट न घातलेला पातळ रस्सा, निघणारच. बाळंतिणीला, आजाऱ्याला, लहान पोरांना पहिली वाटी त्याची. कोल्हापूरकराच्या या सवयीपुढं चीनचं काय चालणार! मी ते पिवळे तुकडे निथळून कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवले. खिडक्या आईनं सकाळपासूनच लावून घेतल्या होत्या. कढईत मिरची पडली तसा तिघांनाही असा ठसका लागला, की शेवटी तिनंच मागचं दार उघडलं.

पाच मिनिटांत दारात शेजारच्या काकी हजर. मराठ्यांच्या, वयानं आईपेक्षा मोठ्या. हातात झाकणाचा डबा. त्यांचा नातू चार दिवस तापानं फणफणून नुकताच उठला होता.

"वासावरनं आलो बगा वैनी. मटन केलंसा न्हवं? वाटीभर अळणी द्या की. पोरगं कायबी खाईना झालंय."

अळणीचं पातेलं ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर. आजारी पोराला अळणी नाही म्हणायची रीत आमच्याकडं नाही. माझ्या तोंडात खोटं तयार होतं: खारट झालंय, माशी पडलीय, काहीही. पण त्यांनी विचारलं होतं आईला. तिनं पदराला हात पुसले.

"काकी, बकऱ्याचं न्हाय. डुकराचं हाय," आई म्हणाली. "तुमच्यात चालत न्हाय. सांगितल्याबिगर लेकराला कसं देऊ?"

काकींनी पातेल्याकडं बघितलं, मग आईकडं. बाबा मधल्या दारात मान खाली घालून उभे. मला वाटलं, संपलं. आईनं अकरा वर्षं जपलेलं सगळं गेलं, आता संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बोभाटा होणार. युक्ती माझी आणि भोगणार ती. मला रडू फुटायचं बाकी होतं, आणि काकींनी अजून काही म्हटलं नव्हतं तरी त्यांचा रागही आला होता.

"व्हय, आमच्यात न्हाय चालत," काकी म्हणाल्या. डब्याचं झाकण लावलं, दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "पर वैनी, पुडल्या ऐतवारी मटन आनशीला तवा अळणी जरा जास्तीचं काडा. मी डबा घिऊन येतो."

"काडतो की," आई म्हणाली.

काकी गेल्यावर तिनं ताटं मांडली. आमच्याकडं आधी बाबांना वाढायचं, मग मला, शेवटी तिचं. त्या दिवशी तिनं कढईतूनच एक तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या, डोळे मिटून खाल्ला. अकरा वर्षं बाबांना ते घरात खायला मिळालं नाही याचंच मला वाईट वाटत होतं. आईलाही ते आवडतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"कांदा-लसूण चटनी पायजे हुती," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.