छतावरचं ओझं

इंजिनिअरची पदवी नवीन असली की माणसाला सगळं जुनं बांधकाम चुकलेलं दिसतं. मला तरी दिसायचं. कोथरूड तेव्हा खेडंच होतं. गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ, त्याचं छत गळायचं. गावकऱ्यांनी विचारलं म्हणून मी सदाशिव पेठेतून सायकल हाणत गेलो, मोठ्या ऐटीत वर चढलो. छतावर ओबडधोबड धोंड्यांची रास. म्हटलं, "हे फुकटचं ओझं आधी उतरवा. भार कमी झाला की छताला धोका नाही."

कॉलेजात तुळया शिकवल्या, सिमेंट शिकवलं. देवळं कशी बदलत गेली ते कुणी सांगितलं नाही. आधी कातळ कोरून लेणी केली. आपलं पाताळेश्वर तसंच, तिथं छत पडायचा प्रश्नच नाही. पुढे दगड घडवून नुसते एकावर एक रचू लागले, चुन्याशिवाय. चुन्यातल्या कमानी आणि घुमट आपल्याकडे रुळले ते त्यानंतर. हे देऊळ त्या मधल्या काळातलं. हे ज्ञान मला झालं श्रावणी सोमवारी सकाळी, आणि कसं झालं ते विचारू नका!

काम बघायला गेलो तर निम्मे धोंडे खाली आले होते. गावातला म्हातारा पाथरवट खाली उभा राहून वरच्या गड्यांवर ओरडत होता. मला बघून म्हणाला, "सायेब, ह्ये कुणी सांगितलं? छताचा एकेक थर आत झुकल्याला हाय. त्याची मागची बाजू ह्या धोंड्यांनीच दाबून धरलीया. वजन काढलं की समदं आत पडंल."

आणि आत, बरोबर त्या छताखाली, माझी आई पोथी वाचत बसली होती. पाच सोमवारांचं व्रत होतं तिचं, त्यासाठी ती ह्याच देवळात यायची.

गड्यांना आहे तिथंच थांबवलं आणि दारातून हाक मारली, "आई, ऊठ! आधी बाहेर ये!" तिनं मान वर न करता हातानं थांब म्हटलं. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, हा तिचा नेम. आणखी ओरडायला मला धीर होईना, आवाजानंसुद्धा दगड हलेल असं वाटत होतं. बाहेर थांबवेना, आत जाववेना. शेवटी गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. वरून बारीक भुकटी पोथीच्या पानावर पडत होती. ती पदरानं पुसायची आणि पुढची ओवी म्हणायची, अगदी सावकाश. देवा, एवढा अध्याय संपू दे, एवढंच मी म्हणत होतो.

संपला. तिनं पोथी बांधली, नमस्कार केला, मग उठली. आम्ही बाहेर आल्यावर पाथरवटानं आत लाकडी टेकू लावले आणि धोंडे एकेक करून परत चढवायला घेतले.

"एवढा काय घाबरलास?" आई म्हणाली. "भुकटी तर मघापासून पडत होती. आधी मलाही भीती वाटली. उठणारच होते, नेम मोडला तर मोडला. मग म्हटलं, छत तू बघितलंयस."

मी तिथंच मातीत बसलो.